रणात सरशी, मनात हार


युद्ध रणांगणावर होतं.
तसंच ते लोकांच्या मनातही होतं.

नोव्हेंबर १९६७.
व्हिएतनाममधले अमेरिकी सेनापती वेस्टमोरलंड मायदेशी येऊन म्हणाले,
युद्धाचा शेवट दृष्टिपथात आहे.

जानेवारी संपता संपता टेट, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाचा सण आला.
आणि दक्षिण व्हिएतनाममधल्या शंभराहून अधिक गावा-शहरांवर कम्युनिस्ट फौजांचे हल्ले झाले.
सायगावच्या अमेरिकी दूतावासाच्या आवारातही गोळीबार झाला.

हल्ले परतवले गेले.
हल्लेखोरांची हानी फार मोठी होती.
पण अमेरिकेतल्या लोकांनी टीव्हीवर ही धुमश्चक्री पाहिली,
आणि सेनापतींचे शब्द आठवले.
दोन्हींचा मेळ बसेना.

मार्चअखेर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सांगितलं,
मी पुन्हा निवडणूक लढवणार नाही.

तेव्हा श्रोतेहो, पुन्हा सांगतो.
युद्ध मनातही होतं.
तिथे फोल ठरलेलं आश्वासन पराभवाइतकंच महागात पडतं.