यादीत नसलेली माणसे

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडी दुरुस्ती करून लिहून दिले आहे.)



आम्ही सूतगिरणीतले कामगार. दहावीला गचकलो, पुढचे सगळे शिक्षण पाळी सुटल्यावर वाचनालयात झाले. त्यामुळे बोलण्यात कुठे चूक झाली तर सांभाळून घ्यावे. समितीने आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही सांगितले की दंगल, युद्ध, जाळपोळ यांमुळे ज्यांना घरदार सोडून पळावे लागते, त्या माणसांना नेमके काय लागते आणि ते आपण कसे ओळखायचे, यावर बोलू. त्यावर एकजण म्हणाले, "आवो, वर्धापनदिनाला हा कसला विषय? आपल्या कोल्हापुरात कुठं आल्यात असली माणसं?"

आली आहेत. दोनदा आली आहेत, आणि एकाच जागेवर आली आहेत.

लग्नसराई आली की आपण सगळे कापड घ्यायला गांधीनगरला जातो. घासाघीस करतो, पिशव्या भरतो आणि परत येतो. पण त्या जागेचे पूर्वीचे नाव वळिवडे कॅम्प. १९३९ साली जर्मनीने आणि रशियाने दोन बाजूंनी पोलंड गिळला. १९४० आणि ४१ मध्ये रशियाने लाखो पोलिश लोकांना मालगाड्यांत कोंबून सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकले. पुढे जर्मनी रशियावरच उलटला तेव्हा त्यांची सुटका झाली, आणि भुकेने, तापाने मरत मरत उरलेले लोक १९४२ मध्ये इराणात पोचले. त्यांतले काही कराचीमार्गे हिंदुस्थानात आले. जामनगरजवळ बालाचडीला मुलांची छावणी झाली, आणि १९४३ साली आपल्या कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला कुटुंबांची. सुमारे पाच हजार माणसे. त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे, कारण धडधाकट पुरुष एक तर लढाईवर गेले होते किंवा मेले होते. १९४८ पर्यंत ही छावणी होती.

आता आमच्या मते यातली शिकण्यासारखी गोष्ट एक आहे. लांबच लांब बराकी होत्या, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती आणि वर कौले. काही राजवाडा नव्हता. पण बराकीत प्रत्येक कुटुंबाला आपली वेगळी जागा होती, आपला दरवाजा होता आणि आपली चूल होती. आसपासच्या गावांतले लोक भाजी, अंडी, फळे विकायला जायचे, आणि त्या बायका घेऊन आपल्या हाताने रांधायच्या. शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होते, नाटकसुद्धा व्हायचे. ज्या बाईने दोन-तीन वर्षे दुसऱ्याने वाढलेले पाणचट सूप रांगेत उभे राहून प्याले, तिला स्वतःच्या पोराला कधी आणि काय वाढायचे हे ठरवता येणे म्हणजे काय, हे आम्ही पुरुषांनी कितीही पुस्तके वाचली तरी कळणार नाही. ते समोरच्या भगिनींना विचारावे.

याचा दुसरा पदरही सांगितला पाहिजे. ही छावणी चालली ती इंग्रज सरकारच्या व्यवस्थेने आणि लंडनमधल्या पोलिश सरकारच्या पैशाने. आणि नेमक्या त्याच १९४३ साली, त्याच इंग्रज सरकारच्या राज्यात, बंगालमध्ये माणसे रस्त्यावर भुकेने मरत होती. लाखांनी मेली. आम्ही पोलिश लोकांचा हेवा करत नाही, त्यांनी सोसले ते सोसलेच. पण कोणाची गरज मोजायची आणि कोणाची मोजायचीच नाही, हे पोट बघून ठरत नाही. ते राज्यकर्त्याच्या डोक्यात आधीच ठरलेले असते, एवढे ध्यानात ठेवा. पोलिश लोक मात्र कोल्हापूरला विसरले नाहीत. आपल्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, आणि त्यांच्या वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाने स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान तिथे जाऊन आले, ते पेपरात सगळ्यांनी वाचले असेल.

पोलिश गेले आणि फाळणीत सिंधमधून आलेले सिंधी निर्वासित त्याच जागेत राहायला आले. त्याचे गांधीनगर झाले. अंगावरच्या कपड्यानिशी आलेल्या माणसांनी पुढे तिथे कापडाचा बाजार उभा केला, हे कौतुकाचेच आहे. पण त्यांना आणखी एक गोष्ट मिळाली जी आपल्या लक्षात येत नाही. तिकडे काय सुटले, घर किती, दुकान किती, याची नोंद करून दावा लावायचा कायदा १९५० साली झाला आणि नुकसानभरपाईचा कायदा १९५४ साली. म्हणजे निर्वासिताला आज काय पाहिजे हे जसे विचारायचे, तसे त्याचे काय गेले हेही लिहून घ्यायचे. मात्र ज्याच्या नावावर तिकडे काहीच नव्हते, जो दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राहत होता, त्याने कशाचा दावा लावायचा?

इथे आम्हांला बाबासाहेबांची आठवण येते. डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेब कायदामंत्री होते. त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांना तिकडचे सरकार येऊ देत नाही, कारण झाडलोट करायला माणसे पाहिजेत, हे त्यात होते. ते अनेकांना ठाऊक आहे. पण पुढचे ठाऊक नसते. जे अस्पृश्य सुटून इकडे आले त्यांची गत काय, हेही बाबासाहेबांनी लिहिले होते. छावणीतले अधिकारी अस्पृश्य आणि सवर्ण असा भेद करतात म्हणून आपले लोक छावणीबाहेर राहतात. आणि सरकारचा नियम असा की रेशन-कपडा फक्त छावणीत राहणाऱ्यालाच! म्हणजे आत राहू द्यायचे नाही, आणि बाहेर आहे म्हणून द्यायचे नाही.

आम्हां गिरणीवाल्यांना हे चटकन समजते. मस्टरवर नाव असेल त्यालाच पगार. बदली कामगार फाटकावर सकाळपासून उभा असतो, त्याला भूक तेवढीच असते, पण मस्टरच्या लेखी तो जन्मलेलाच नाही. छावणीची यादी हे एक मस्टरच आहे. यादी करणारा माणूस प्रामाणिक असला तरी फाटकाच्या आतलेच मोजतो.

हे आम्ही दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. ही चूक आम्ही स्वतः केली आहे. २०१९ च्या महापुरात विहारातली वीस-पंचवीस पोरे घेऊन आम्ही मदतीला गेलो. आता पूर म्हणजे दंगल नव्हे, हे मान्य. पण घर सोडून आलेल्या माणसाची यादी करण्याची आमची ती पहिलीच वेळ. एका कार्यालयात दीडशे-दोनशे माणसे होती. आम्ही वही काढली, कुटुंबप्रमुखाचे नाव, माणसे किती, असे रकाने आखले, खिचडीचा हिशेब केला आणि मोठे काम केल्याच्या तोऱ्यात बाहेर पडलो. बाहेर जिन्याखाली भटक्या जमातीची तीन-चार बिऱ्हाडे बसली होती. आम्ही जाता-येता त्यांना बघत होतो. ते तिथलेच, नेहमीचे कोणी असतील असे आम्ही धरून चाललो. दुसऱ्या दिवशी कळले की त्यांची पालेच वाहून गेली होती आणि आत त्यांना "जागा नाही" असे सांगितले होते. आमची वही जयभीमवाल्यांची, पण तिच्यातही ती माणसे नव्हती. त्या रात्री आम्हांला जेवण गेले नाही.

आत ज्यांची नावे लिहिली त्यांचेही आम्हांला काय कळले होते? एक म्हातारी पाण्याचा तांब्या तसाच ठेवून बसली होती. आम्ही म्हटले, आजी, पाणी का पीत नाही? ती म्हणाली, "पीत न्हाई लेकरा. प्यालं की जायाला लागतंय, आन् जायाचं कुठं? बापय मानसं दाराम्होरंच निजल्यात." आम्ही पाण्याच्या बाटल्यांचे खोके मोजून ठेवले होते. संडासाला दिवा आहे का, कडी आहे का, वाटेत कोण झोपते, हे विचारलेच नव्हते. बायकांच्या पाळीच्या कपड्याचे तर आमच्या डोक्यातही आले नाही. पुरुषाने पुरुषाला विचारून केलेली यादी होती ती.

त्यानंतर आम्ही या विषयावर वाचायला लागलो. जगभरच्या मदत संस्थांनी मिळून 'स्फिअर' नावाची एक पुस्तिका केली आहे, पहिली आवृत्ती २००० सालची. माणसाला रोज निदान पंधरा लिटर पाणी, म्हणजे आपली एक मोठी घागर, पिण्याला, स्वयंपाकाला आणि धुण्या-आंघोळीला मिळून. झोपायला-बसायला माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर, म्हणजे साधारण साडेसात फूट बाय पाच फूट. वीस माणसांमागे एक संडास, आणि बायकांचे-पुरुषांचे वेगळे. हे आकडे पाठ करून ठेवण्यासारखे आहेत, कारण साहेबापुढे भांडायला आकडा लागतो. पण आकडा भरला म्हणजे काम झाले असे नाही. घागर आहे, पण टाकीवर हात कोणी लावायचा? १९२७ साली बाबासाहेबांना महाडला याच प्रश्नासाठी जावे लागले. आणि २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूच्या किनाऱ्यावर दलितांना मदतछावणीतून आणि पाण्यावरून हाकलल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. तेव्हा तो प्रश्न जुना झाला असे कोणी म्हणू नये.

पूर आणि दंगल यांत फरक कुठे पडतो, तेही सांगतो. पूर ओसरतो आणि शेजारी शेजारीच राहतो. दंगलीत शेजाऱ्यानेच घर जाळलेले असते. मराठवाड्याचे घ्या. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि आपल्या लोकांची घरे पेटली. पोचीराम कांबळे जिवानिशी गेले. विहिरी नासवल्या, गुरे मारली, मजुरी बंद केली. माणसे रानात जाऊन लपली. आम्ही तेव्हा लहान होतो, घरात मोठी माणसे हलक्या आवाजात बोलायची एवढेच आठवते. अशा माणसाला घोंगडी दिली, ज्वारी दिली, बरे झाले. पण परत गेल्यावर त्याच गावात, त्याच मालकाच्या बांधावर कामाला जायचे. तो काम देणार आहे काय? साक्ष दिली तर रात्री दाराशी कोण येणार? त्याला विचारले पाहिजे की बाबा, तुला परत जायचे आहे का, आणि जायचे तर कशाच्या भरवशावर. हा प्रश्न खिचडीच्या रांगेत सुटत नाही, पण गरजांच्या यादीत तो वर पाहिजे. नाहीतर काय होते? मिझोराममधून १९९७ साली पळालेले ब्रू आदिवासी त्रिपुरातल्या छावण्यांत तेवीस वर्षे राहिले. जानेवारी २०२० मध्ये करार झाला, तेव्हा कुठे घराला जागा, दीड लाख रुपये बांधकामाला, दोन वर्षे रेशन आणि महिना पाच हजार असे ठरले. छावणीत जन्मलेल्या पोरींची तोवर लग्ने होऊन गेली असतील. मणिपूरमध्ये मे २०२३ पासून साठेक हजार माणसांनी घर सोडले.

आणि लांब कशाला जायचे. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या अतिक्रमणाचे निमित्त होऊन जमाव आपल्याच जिल्ह्यातल्या गजापूरच्या मुसलमान वस्तीत घुसला. घरांची, गाड्यांची, मशिदीची मोडतोड झाली. त्या आठवड्यात आपण इथे, याच हॉलमध्ये बसलो होतो. कोणी म्हणाले तांदूळ देऊ, कोणी म्हणाले चादरी देऊ. तेव्हा मागे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "तांदूळ देशीला, शिजवायला पातेलं हाय का त्यांच्याकडं? आधी त्या बायास्नी इचारा तरी." सगळे गप्प झाले. आमचे स्पष्ट मत आहे की त्या दिवशी सगळ्यांत शहाणे बोलणे तेच होते.

म्हणून आम्ही एक वही केली आहे. प्रश्न मावशींनी आणि महिला मंडळाने सांगितले, आम्ही फक्त अक्षर काढले. घरातले कोण कोण सोबत आहे, कोणाचा पत्ता नाही. रोजचे औषध कोणाला लागते. चूल, पातेले, तवा आहे का. रात्री संडासाला जायची भीती वाटते का. रेशनकार्ड, जातीचा दाखला, पोरांचा शाळेचा दाखला जळाला की राहिला. काय काय गेले, मग ते कागदावर नावाने असो वा नसो. परत जायचे म्हणता की नको म्हणता. नाव घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे वेगळे लिहायचे, कुटुंबप्रमुख हा रकाना आम्ही खोडला आहे. बायकांना बाईनेच विचारायचे, आणि घरातला पुरुष शेजारी नसताना. ज्याने काही सांगितले ते गावभर करायचे नाही. शेवटच्या पानावर आमच्यासाठीच एक प्रश्न आहे: इथे आत कोण आलेले नाही, आणि का? तो प्रश्न छावणीबाहेर जाऊन, जिन्याखाली, पुलाखाली, देवळामागे चालत फिरून भरायचा आहे.

वही विहारातल्या पुस्तकांच्या कपाटात, वरच्या कप्प्यात ठेवली आहे. ती भरायला शिकलेल्या चार भगिनी पाहिजेत असे आम्ही भाषणात म्हटले होते. हे लिहून देईपर्यंत तीन नावे आली आहेत. चौथीसाठी रविवारी वंदनेनंतर आम्ही थांबतो.

जय भीम.