चुकीचे ठरलेले बरोबर उत्तर

(लोणार येथे शालेय विद्यार्थ्यांसाठी झालेल्या विज्ञान प्रश्नमंजूषेच्या पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



पारितोषिके देण्यापूर्वी वक्त्याने दोन शब्द बोलावेत, अशी प्रथा आहे. मुलांचे लक्ष टेबलावरच्या ढालीकडे असते आणि पालकांचे घड्याळाकडे, याची मला कल्पना आहे. परंतु आज मला थोडा अधिक वेळ घ्यावा लागणार आहे. कारण माझ्याकडून एक चूक घडली आहे आणि ती दुरुस्त झाल्याशिवाय ही ढाल कोणाच्याही हाती देता येणार नाही.

दुसऱ्या फेरीत प्रश्न होता, ‘लोणारचे विवर किती वर्षांपूर्वी निर्माण झाले?’ एका संघातील आठवीच्या मुलीने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, ‘सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षांपूर्वी.’ परीक्षकांनी उत्तरपत्रिका पाहिली. तीत ५२,००० असे लिहिलेले होते. उत्तर चुकीचे ठरले, पाच गुण गेले आणि तो संघ दुसऱ्या क्रमांकावर ढकलला गेला. मुलीने वाद घातला नाही. ती खाली बसली. पण बसताना तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर चहाच्या सुट्टीतही माझा पिच्छा सोडीना. कारण ती उत्तरपत्रिका मी तयार केली होती, आणि ५२,००० हा आकडा मी माझ्या एका जुन्या वहीतून जसाच्या तसा उतरवला होता.

तो आकडा खोटा नव्हता, जुना होता. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात विवरातील काचसदृश खड्यांचे वय उष्मादीप्ती पद्धतीने काढण्यात आले, ते ५२ हजार वर्षे आले. सभोवतालच्या किरणोत्सारामुळे खनिजात इलेक्ट्रॉन अडकत जातात. खडा तापवला की ते प्रकाशरूपाने बाहेर पडतात आणि त्या प्रकाशावरून काळ मोजतात. पाणी साठत जाणाऱ्या हौदासारखीच ही रीत म्हणा. पण हौदच गळका असेल तर? मग पाणी कमी दिसते आणि काळही कमी भरतो. पुढे २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने मोजणी प्रसिद्ध झाली. आघाताच्या उष्णतेने खडक वितळला की त्यातला जुना आर्गॉन वायू बहुतांशी निघून जातो, म्हणजे घड्याळ जणू शून्यावर येते. त्यानंतर पोटॅशियमपासून नवा आर्गॉन अतिशय मंद गतीने तयार होत राहतो. त्या हिशेबाने वय आले ५ लाख ७० हजार वर्षे, ४७ हजार वर्षे इकडे-तिकडे. एका आकड्याच्या जागी त्याच्या जवळजवळ अकरापट आकडा! आपल्या गावाच्या वयातला हा फरक या गावातल्या मुलीला ठाऊक होता आणि बाहेरून आलेल्या पाहुण्याला त्याचे विस्मरण झाले.

प्रश्नमंजूषेचा हा धोका फार जुना आहे. प्रश्न छापला जातो, त्याखाली उत्तर छापले जाते, आणि मग एका पुस्तकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ते उतरत राहते. राष्ट्रीय विज्ञान दिन हा रामन यांचा जन्मदिवस असल्याचे मी शिक्षकांच्याही तोंडून ऐकले आहे. रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा. २८ फेब्रुवारी १९२८ हा त्यांच्या शोधाचा दिवस. संगणकाच्या मुलांना विचारा, यंत्रातल्या दोषाला ‘बग’ का म्हणतात? चटकन उत्तर येते की १९४७ मध्ये हार्वर्डच्या संगणकात पतंग सापडला म्हणून. पतंग खरेच सापडला होता, तो नोंदवहीत चिकटवून ठेवला आणि खाली गमतीने लिहिले की हा प्रत्यक्ष सापडलेला पहिला बग. पण ती गंमत तेव्हाच कळते, जेव्हा तो शब्द आधीपासून रूढ असतो. एडिसनने १८७८ मध्येच आपल्या पत्रात तो वापरला होता.

आणि लोणारविषयी? आपल्यापैकी अनेकांच्या भ्रमणध्वनीवर येणारे संदेश मलाही येतात. ‘बेसाल्ट खडकातील जगातील एकमेव उल्काविवर’, हे वाक्य आपण अभिमानाने पुढे पाठवतो. ब्राझीलच्या दक्षिण भागातही बेसाल्टमध्ये आघाताने झालेली विवरे आहेत, वार्जिआओ आणि व्हिस्टा अलेग्रे ही त्यांची नावे. ती फार प्राचीन आणि झिजलेली आहेत. बेसाल्टमधले इतके तरुण आणि इतके सुस्थितीतले विवर लोणारचेच, हे वाक्य खरे आहे आणि अभिमानाला ते पुरेसे आहे. मातृतीर्थ बुलढाणा जिल्ह्याला उसन्या विशेषणांची गरज नाही. ‘नासाने मान्य केले’ ही पुस्ती जोडल्याशिवाय आपल्याला आपल्याच तीर्थाचे मोल पटू नये, याचे मला अधिक वाईट वाटते.

लवणासुराची कथा इथल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. भगवान विष्णूंनी त्याचा वध केला, म्हणून दैत्यसूदनाचे मंदिर. काही उत्साही मंडळी त्या कथेतून उल्कापात काढून दाखवतात. मी ते करणार नाही. पाणी खारे का, या प्रश्नाला आपल्या पूर्वजांनी दिलेले ते काव्यमय आणि धर्ममय उत्तर आहे. त्याला भूशास्त्राच्या पुराव्याचे काम करायला लावणे, यात कथेचाही सन्मान नाही आणि शास्त्राचाही. धारेच्या गोमुखावर स्नान करणारा भाविक आणि खाली पाण्याचा नमुना घेणारा संशोधक, दोघेही याच उतारावरून जातात. दोघांनाही वाट पुरते.

आता थोडे खऱ्या कोड्याकडे येऊ. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या सरोवराची नोंद केली. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे बहुतेक विद्वान म्हणत होते की हे ज्वालामुखीचे काम आहे. त्यांचे चुकलेही कुठे? सभोवताली सगळा दख्खनचा काळा पत्थर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हाच्या प्रदेशात गोल खड्डा दिसला की ज्वालामुखीच आठवणार. आकार म्हणाल तर व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि काठापासून तळ सुमारे दीडशे मीटर खाली. गिल्बर्ट या अमेरिकी भूवैज्ञानिकाने १८९६ मध्ये आपल्या ॲरिझोनाच्या विवराची तुलना लोणारशी केली आणि दोन्ही ज्वालामुखीच्या खात्यावर मांडली. पुढे दोन्ही ठिकाणी त्याचे अनुमान चुकले.

उल्का म्हणावी तर ती कुठे आहे? विवरात विंधनछिद्रे घेतली, पण लोखंडाचा गोळा काही हाती लागला नाही. इतक्या प्रचंड वेगाने येणारा पाषाण आदळताच बहुतांशी वितळतो, वाफ होतो. पुरावा त्याच्या शरीरात नव्हे, त्याने मारलेल्या फटक्याच्या खुणेत शोधावा लागतो. ॲरिझोनात वाळूचा खडक होता, म्हणजे गारगोटीचे खनिज मुबलक. तिथे त्या खनिजाचे उच्च दाबाखालचे रूप सापडले आणि निकाल लागला. आपल्या बेसाल्टमध्ये गारगोटी जवळजवळ नाहीच! मग साक्ष द्यायची कोणी? दिली ती फेल्डस्पार या खनिजाने. भयंकर दाबाने त्याचे स्फटिक न वितळताच काच बनतात. त्या काचेला मास्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखीच्या कोणत्याही भट्टीत असा दाब निर्माण होत नाही. १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा निर्णायक प्रबंध आला. त्याच्या चार लेखकांत दुबे आणि बालसुंदरम् ही दोन नावे भारतीय भूवैज्ञानिकांची आहेत. ही नावे आपल्या प्रश्नपत्रिकांत यायला हवीत.

पण माझा आवडता प्रश्न याच्याही पुढचा आहे. लोणार आणि बिहारमधील शेरघाटी यांना जोडणारा धागा कोणता? आज हा प्रश्न कोणालाच आला नाही, त्यामुळे उत्तर सांगतो. २५ ऑगस्ट १८६५ रोजी गया जिल्ह्यात शेरघाटी येथे आकाशातून एक दगड पडला. त्याच दगडात १८७२ मध्ये मास्केलिनाइट प्रथम ओळखले गेले. आणि तो दगड आला होता कुठून? मंगळावरून! मंगळावर कुठलासा पाषाण आदळला, तिथल्या लाव्हाच्या खडकाचा तुकडा उडाला आणि तो बिहारच्या भूमीवर उतरला. मंगळावरही बेसाल्ट, इथेही बेसाल्ट. तिथेही तो फटका, इथेही तोच. म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे लोणारच्या दगडांना विचारायला येतात. बाळांनो, तुमच्या शाळेच्या वाटेवर जे खडे तुम्ही पायाने उडवता, त्यांची ही योग्यता आहे. (खडे उचलून घरी नेऊ नका. हे अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर क्षेत्रही.)

त्याच वर्षी जूनमध्ये सरोवर गुलाबी झाले होते, ते तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. कोणी अपशकुन म्हणाले, कोणी चमत्कार. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी आटले, क्षार वाढले आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीव वाढून त्यांचे रंगद्रव्य पाण्यात दिसू लागले. यावर अधिक बोलत नाही, तुमच्यापैकी निम्म्यांनी त्यावर प्रकल्प केले आहेत.

कोडी घालून शिकवणे ही आपल्याकडची आयात केलेली रीत नव्हे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावती सिद्ध केली, तीत भुंग्यांच्या थव्याचे गणित आहे. पाचवा भाग एका फुलावर, तिसरा दुसऱ्यावर, त्या दोहोंतील फरकाची तिप्पट तिसऱ्यावर, आणि एक भुंगा उरला. थवा किती? पंधरा. पुढे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवांनी, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. आणि परंपरा तिथे थांबली नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आयुष्यभर आकड्यांशी खेळले. हाताशी प्रयोगशाळा नव्हती, विद्यापीठातले पद नव्हते. त्यांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने आपल्या सदरातून तो जगभर नेला, तेव्हा कुठे आपल्यातल्या अनेकांना देवळालीचे मास्तर ठाऊक झाले. संगणकाचे म्हणाल, तर १९९१ मध्ये ‘परम’ हा महासंगणक घडवणाऱ्या चमूचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे.

कापरेकरांची रीत करून दाखवतो. अलेक्झांडर साहेबाचे वर्ष घेऊ, १८२३. अंक उतरत्या क्रमाने मांडा, ८३२१. चढत्या क्रमाने, १२३८. वजाबाकी ७०८३. पुन्हा तेच करा, ८७३० वजा ०३७८, उरले ८३५२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८, आणि हे पाहा, ६१७४! पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येणार. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे येऊन थांबते.

आता त्या पाच गुणांविषयी. मी आयोजकांशी बोललो. ते म्हणाले, निकाल जाहीर झाला आहे, पहिल्या संघाचे पालक काय म्हणतील? त्यांचे म्हणणे अवाजवी नाही. म्हणून मी पहिल्या संघाच्या मुलांनाच बोलावले आणि काय झाले ते सांगितले. त्यांच्यातला सर्वांत धाकटा मुलगा म्हणाला, ‘सर, तिचं बरोबर होतं, मला पण माहीत होतं. पण आमचा प्रश्न नव्हता.’ त्यानंतर चर्चेला काही उरले नाही.

गुण परत दिल्यावर दोन्ही संघ समान होतात. तेव्हा ढाल अजून टेबलावरच राहील. दोन्ही संघांनी एक-एक प्रतिनिधी वर पाठवावा. फळा इथे आहे, खडू दोन आहेत. सरोवर गुलाबी झाले ते वर्ष घ्या, २०२०. ६१७४ पर्यंत किती पायऱ्या? या वेळी उत्तर मी स्वतः दोनदा तपासले आहे. अध्यक्षमहोदय, घड्याळ लावावे.