रमाबाईंचे प्रश्न आणि आपली मुलं



ख्रिस्ती मुलामुलींनी कॉलेजात आपला विश्वास कसा जगावा आणि आपण मोठ्यांनी त्यांना हात कसा द्यावा, हा विषय तुम्ही नीरेकाठच्या वसंत व्याख्यानमालेत ठेवलात, याचा मला मनापासून आनंद आहे. समोर ख्रिस्ती घरं थोडी आहेत, माळकरी जास्त. तरी विषय सगळ्यांचा आहे. बारावी झाली की निरवांगीचं पोर बारामतीला, नाहीतर पुण्याला जातं. घरात न विचारता जे चालत आलं, मग तो हरिपाठ असो की जेवणाआधीची प्रार्थना, ते का करतोस, असं त्याला तिथे पहिल्यांदा कोणीतरी विचारतं.

असे प्रश्न पंडिता रमाबाईंनाही पडले. त्यांचं नाव घेतलं की आपल्याला केडगावचं मुक्ती मिशन आठवतं. मला त्याआधीच्या रमाबाई सांगायच्या आहेत. पंचविशीतल्या, विधवा, पदरात लहान मनोरमा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ती वाट बंद झाली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजला सिस्टरांकडे असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढच्या वर्षी त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या. तिथे शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या.

बाप्तिस्म्याने त्यांचे प्रश्न संपले नाहीत, वाढले. ख्रिस्तावर श्रद्धा होती. पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धान्त गळी उतरत नव्हता. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, संस्कृत का नकोत? शाकाहार सोडायचीही त्यांची तयारी नव्हती. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना यात अहंकार दिसे. बाई वाईट नव्हत्या. मायलेकींवर त्यांचा जीव होता. पण त्यांना आज्ञापालन हवं होतं. पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं आहे, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, असं रमाबाईंनी १८८५ मध्ये त्यांना स्पष्ट कळवलं. त्याच काळात कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील रमाबाईंशी धर्मावर पत्रांतून बोलत होत्या. शंका म्हणजे बंड असं त्या धरत नव्हत्या. ही पत्रं खुद्द जेराल्डीनबाईंनी जपली आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापली. पोरं शिकायला पाठवणाऱ्या प्रत्येक पाळकाने ती वाचावीत, असं मला वाटतं.

कारण आपण बहुतेक जण जेराल्डीनबाईंच्या बाजूचे आहोत. हॉस्टेलमध्ये गणपती बसतो, आरती होते, खोलीतला सोबती ताट पुढे करतो, ‘घे रे, मोदक आहे.’ ख्रिस्ती पोराचा हात थबकतो. घरी फोन केला तर आई म्हणते, ‘नको घेऊस.’ पाळकसाहेब म्हणतात, ‘विश्वासात कच्चा पडू नकोस.’ पोर दोघांना हो म्हणतं आणि पुढच्या वेळी कोणालाच फोन करत नाही. खरं तर बायबलमध्ये पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, आठव्या अध्यायापासून दहाव्यापर्यंत, नेमका हाच पेच हाताळला आहे. नुसतं हो किंवा नाही म्हणून तो मोकळा होत नाही. देवाशी निष्ठा, आपलं स्वातंत्र्य, आपल्यामुळे दुसरा अडखळेल का, हे सगळं तो तोलून बघतो. ते तीन अध्याय मुलाबरोबर बसून वाचा. मग त्याने मोदक घेतला किंवा हात जोडून नको म्हटलं, तरी तो निर्णय त्याचा स्वतःचा असेल, आणि सोबत्याचं मनही दुखावणार नाही.

‘तुझ्या आज्याला धर्म बदलायला किती पैसे मिळाले?’ हा टोमणा तर ठरलेलाच. त्यावर तावातावाने भांडून उपयोग नाही. आजा काय सोसून, काय मानून या वाटेला लागला, हे घरात कधी बोललं गेलं असेल तरच पोराकडे उत्तर असतं. अर्जातला जातीचा रकानाही त्याला गोंधळात टाकतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती नाहीत. महाराष्ट्रात ते इतर मागासवर्गात मोडतात. हेही घरातल्यांनी त्याला आधीच, न लाजता समजावून सांगावं.

आता माळकरी मंडळींसाठी. ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तुकोबांच्या पालखीचं बेलवाडीचं रिंगण दरवर्षी बघणाऱ्यांना याचं मोल सांगायला नको. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात टिळकांना सोळा-सतरा वर्षांचे ठोमरे भेटले, आपले बालकवी. पुढे ते नगरला टिळकांच्या घरी राहिले. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखं सांभाळलं. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात ते आलं आहे. बालकवी हिंदूच राहिले आणि टिळकांच्या घरची माया काही कमी झाली नाही. विश्वास जगणं म्हणजे काय, हे त्या घरातल्या तरुणांना रोज ताटावर दिसत असणार.

पुण्यात कॉलेजच्या मुलांच्या उपासना पुष्कळदा इंग्रजीत चालतात. ‘उपासना संगीत’ या पुस्तकातली मराठी गीतं ऐकत वाढलेलं आपलं पोर तिथे मागच्या बाकावर गप्प बसतं. म्हणून या भागातल्या मंडळ्यांना माझी विनंती आहे की जूनमध्ये कॉलेजं उघडायच्या आत बारामतीत आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवा. कोणाच्या तरी घरी, मराठीतून, पौलाचं ते पत्र उघडून बसा. भाकरी-कालवण असू द्या. मुलांना बोलू द्या, आणि खोलीतला सोबती बरोबर आला तर त्यालाही पंगतीत घ्या.