दिंडीचा आवाज



आपल्या जुन्या विणेकऱ्यांच्या तसबिरी मठात आहेत; आवाज मात्र एकाचाही नाही. म्हणून आज हा विषय घेतला.

कॅनडात आर. मरे शेफर नावाचे संगीतकार होते. त्यांनी अन् साथीदारांनी घंटा, भोंगे, समुद्र असे मुलखाचे आवाज टेपवर घेतले. १९७४ साली तिथल्या रेडिओनं ते दहा भागांत ऐकवले.

जळगाव आकाशवाणीवर आपण अभंग-कीर्तन ऐकतोच. पण मुक्ताबाईंच्या पालखीसंगे मुक्ताईनगरहून निघालं, की केळीच्या पानांवरचा पाऊस वाजतो, पुढं काळ्या चिखलात पावलं रुततात. विसाव्याला टाळ खाली ठेवले, की धुळ्याकडची अहिराणी अन् इकडची लेवा बोली एकमेकींत मिसळतात. हेही वारीचंच ना?

पोरं मोबाईलवर दिंडी घेतात अन् वरून तयार गाणं चिकटवतात. आम्हांला ते पटत नाही. चिकटवलेल्या गाण्याखाली आपली माणसं मुकी होतात.

यंदा मुक्कामागणिक पाच मिनिटं घ्या. आधी गाव अन् तारीख बोला, मग गप्प राहा. वाऱ्याकडं पाठ करा, मोबाईलवर पातळ फडकं धरा. बायाबापड्यांचं बोलणं घ्याल, तर विचारून घ्या. परतल्यावर सगळं एकत्र करून आकाशवाणीकडं नेऊ.