पाण्याला जवळ करणारे लेप

क्षणभंगुर गोष्टीला ‘अळवावरचे पाणी’ म्हणण्याची मराठीत जुनी रीत आहे. अळवाच्या पानावर पाणी थेंबाथेंबाने गोळा होते आणि पान जरा कलले की ओघळून जाते. पान कोरडेच राहते. याच्या नेमका उलट स्वभाव असलेले पृष्ठभागही असतात. त्यांच्यावर पडलेले पाणी थेंब होऊन बसत नाही. ते पसरते आणि पातळ पापुद्र्यासारखे सर्वत्र व्यापून राहते. अशा पृष्ठभागाला जलस्नेही म्हणतात. हा स्वभाव ज्या वस्तूच्या अंगी मुळात नाही, तिला लेप देऊन तो आणता येतो. असे लेप बनविणे हा आज एक महत्त्वाचा उद्योग झाला आहे. त्याचे गिऱ्हाईक कोण, आणि ज्यांना या लेपाची सर्वांत अधिक गरज आहे त्यांच्यापर्यंत तो पोहोचतो काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

यामागचे शास्त्र तसे सोपे आहे. थेंबाची कड पृष्ठभागाला जेथे टेकते, तेथे एक कोन होतो. इंग्रज शास्त्रज्ञ टॉमस यंग यांनी १८०५ साली या कोनाचा विचार मांडला. तो काटकोनाहून मोठा असेल तर पाणी गोळा होते. लहान असेल तर पसरू लागते. आणि तो शून्याजवळ आला म्हणजे थेंब उरतच नाही. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन तर दुसरे किंचित ऋण असते. पृष्ठभागावर त्याला ओढून घेणारे ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट असले की पाणी तेथे चिकटते. स्वच्छ काच स्वभावतः अशीच असते. परंतु हाताचा तेलकटपणा लागला की तिचा हा गुण जातो.

या गुणाचा औद्योगिक उपयोग काही कालचा नव्हे. १७९६ ते १७९८ या काळात जर्मनीत आलोईस झेनेफेल्डर यांनी शिळाछापाची कला शोधून काढली. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढावयाचे, उरलेल्या भागाला डिंक आणि सौम्य आम्ल यांचा हात द्यावयाचा, आणि मग दगड ओला करावयाचा. डिंकाचा भाग पाणी धरून ठेवतो आणि तेलकट शाईला दूर लोटतो. शाई फक्त चित्रावर बसते. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस नेलेला छापखाना याच तत्त्वावर चाले. महाराष्ट्रातील कित्येक देव्हाऱ्यांत पोहोचलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींना डिंकाच्या त्या पातळ लेपाचेही ऋण आहे. आजची ऑफसेट छपाई ही त्याच घराण्यातली. दगडाची जागा ॲल्युमिनियमच्या पत्र्याने घेतली, एवढेच. पाणी धरणारा भाग आणि शाई धरणारा भाग हा भेद कायम आहे.

पुढे या लेपांना निरनिराळी कामे मिळाली. काचेवर धुके साचते ते लहान लहान थेंबांचे असते. ते थेंब प्रकाश विखुरतात म्हणून पलीकडचे दिसत नाही. तेच पाणी सपाट पसरले तर काच पारदर्शक राहते. न्हाणीघरातल्या आरशावर साबणाचा पुसटसा हात फिरविणाऱ्याला हे ठाऊक असते. ५ जून १९६६ रोजी जेमिनी ९ यानाबाहेर पडलेले अमेरिकन अंतराळवीर युजीन सर्नन यांच्या शिरस्त्राणाची काच श्रमाच्या घामाने व श्वासाने अशी धुरकटली की त्यांना पुढचे दिसेना, आणि ठरलेले काम अर्ध्यावर सोडून परतावे लागले. त्यानंतर अंतराळवीरांच्या काचांना धुके न धरणारे द्रावण लावण्यात येऊ लागले.

वातानुकूलन यंत्राच्या थंड बाजूस ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची दाट रांग असते. हवेतली वाफ त्यांच्यावर थिजते. पाण्याचे थेंब दोन पात्यांमध्ये पूल बांधून बसले तर हवेची वाट अडते आणि वीज अधिक खर्ची पडते. पात्यांना जलस्नेही लेप असला की पाणी पापुद्र्याने खाली निथळून जाते. उन्हाळे कडक होत आहेत, यंत्रे वाढत आहेत. तेव्हा या लेपाची मागणीही त्यांच्याबरोबर वाढणारच. हरितगृहाच्या प्लॅस्टिक छपराची गोष्ट तशीच. तळेगावच्या परिसरात गुलाब पिकविणाऱ्याला पहाटे छपरातून फुलांवर टपकणारे थेंब नको असतात, कारण ओल्या पाकळीवर बुरशी धरते. जलस्नेही द्रव्य मिसळलेल्या कागदावरून तेच पाणी कडेला वाहून जाते. मात्र हे द्रव्य काही हंगामांत धुऊन निघते. म्हणून लेप कसा आहे याबरोबरच तो किती दिवस टिकणार, हे गिऱ्हाइकाने विचारले पाहिजे.

परंतु या लेपाची खरी कसोटी लागते ती रुग्णालयात. मज्जारज्जूला इजा होऊन ज्यांचा मूत्राशयावरील ताबा गेला आहे, त्यांना दिवसातून चार-पाच वेळा नळी घालून मूत्राशय रिकामा करावा लागतो. कोरडी नळी मूत्रमार्गाला घासते. १९८३ साली स्वीडनमध्ये जलस्नेही लेपाची नळी बाजारात आली. सब्जाचे बी पाण्यात टाकले की त्याभोवती जसा बुळबुळीत थर फुगतो, तसाच तिच्यावरील लेप पाणी शोषून निसरडा होतो आणि नळी अलगद सरकते. हृदयाच्या व मेंदूच्या रक्तवाहिन्यांतून फिरविण्याच्या तारा आणि नळ्या यांनाही आता असेच लेप देतात. तेथे टिकाऊपणा हा प्राणाचा प्रश्न होतो. शरीरात लेपाचे कपचे सुटून रुग्णांना अपाय झाल्याच्या तक्रारी आल्यावरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१५ मध्ये डॉक्टरांना सावधगिरीची सूचना दिली होती.

आता हिशेब पाहावा. लेपाची नळी एकदाच वापरावयाची असते. लेप वाळला की ती उलट चिकटू लागते. दिवसाला चार म्हटल्या तरी एका माणसाला वर्षाला चौदाशे साठ नळ्या लागतात. युरोपातील अनेक देशांत हा खर्च सरकार किंवा विमा उचलतो. म्हणून तेथे या मालाला भरवशाची बाजारपेठ आहे. आपल्याकडे बहुधा तो रुग्णाच्या घरावरच पडतो. झाडावरून किंवा बांधकामाच्या परातीवरून पडून अधू झालेला मजूर ही नळी रोज चार वेळा कोठून घेणार? तो साधी नळी धुऊन पुन्हा पुन्हा वापरतो. बाजाराच्या आकड्यांत त्याची नोंद मागणी म्हणून होत नाही, कारण बाजार पैशाने बोललेलीच भाषा ऐकतो. गरज आणि मागणी हे दोन शब्द एकाच अर्थाचे नव्हेत, हे अशा वेळी स्पष्ट दिसते.

यावर उपाय नाही असे नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसविण्याच्या स्टेंटची किंमत भारत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये बांधून दिली, तेव्हा ती एकदम खाली आली. रोज लागणाऱ्या या नळीचाही विचार तशाच गांभीर्याने व्हावयास हवा. दर बांधता येतो, सरकारी योजनेत तिला जागा देता येते, आणि लेप देण्याची विद्या येथल्याच कारखान्यांत वाढविता येते. वातानुकूलन यंत्राचा लेप वीज वाचवितो, हरितगृहाचा लेप गुलाब वाचवितो. त्यांना गिऱ्हाईक आपोआप मिळेल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची रोजची यातना कमी करणाऱ्या लेपाला मात्र गिऱ्हाईक समाजानेच व्हावे लागेल.