बंदुकीच्या नळीतले किटण



गोळीबार झाल्यावर रायफलीच्या नळीत जो मळ साचतो, तो काढायचा कसा, हा आजचा विषय आहे. शाळेत छात्रसेनेचे काम पाहणारे शिक्षक, घरी परवान्याची बंदूक बाळगणारे शेतकरी आणि पलटणीतून पेन्शनीत आलेले जवान, या सगळ्यांचा या प्रश्नाशी संबंध येतो. उत्तरही बहुतेकांचे ठरलेले असते. तेल लावा, चिंदी ओढा, नळी आरशासारखी चमकली की काम झाले! नळी चमकते हे खरे. पण हीच चमकणारी नळी चार दिवसांनी उघडावी, तर आत लाल गंज चढलेला. तेल तर भरपूर लावले होते, मग गंज आला कुठून?

त्याचे कारण असे, की नळीतला मळ एका जातीचा नसतो. तो तीन जातींचा असतो, आणि एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही.

आपण थ्री-नॉट-थ्री रायफलच डोळ्यांपुढे घेऊ. तिच्या नळीचा आतला व्यास इंचाचा ३०३ हजारांश, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर. आत पिळाच्या पाच खाचा असतात, आणि दर दहा इंचांत त्यांचा एक पूर्ण वेढा होतो. त्या पिळामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत निघते आणि सरळ जाते. काडतुसाच्या बुडाशी एक लहान टोपी असते. तिच्यावर टाचणीचा ठोका पडला की ठिणगी उडते, दारू पेटते, आणि गोळी सेकंदाला २,४४० फुटांच्या वेगाने बाहेर पडते. नळीतला तिचा सगळा प्रवास सेकंदाच्या एक-दोन हजारांश भागात आटोपतो. तेवढ्या क्षणात तीन गोष्टी मागे राहतात. दारूची काजळी राहते, गोळीच्या कवचाचे घासलेले तांबे राहते, आणि तिसरे राहते ते टोपीतले मीठ.

हे मीठ डोळ्यांना दिसत नाही, आणि खरा चोर तोच. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट घालीत. ते जळले की पोटॅशियम क्लोराइड उरते. ते आपल्या जेवणातल्या मिठाचेच भावंड. पावसाळ्यात बरणीतले मीठ कसे पाझरते, हे घरातल्या बायकांना विचारा. हे मीठही तसेच. हवेतला दमटपणा सुमारे ८४ टक्क्यांच्या वर गेला, की ते पाणी ओढून घेते आणि पोलादाला खायला लागते. म्हणून तीच बंदूक सोलापुरात उन्हाळाभर निभावते आणि रत्नागिरीत श्रावणात एका रात्रीत बिघडते.

पूर्वीचे लोक म्हणत, नळीला घाम येतो. कोणी सांगे, पोलादाच्या छिद्रांत वायू शिरतो आणि तो नंतर बाहेर पडतो. अमेरिकेच्या खाण-खात्यातले विल्बर्ट हफ यांनी याचा छडा लावला, आणि त्यांचा अहवाल १९२२ साली छापला गेला. दोष वायूचा नव्हे, टोपीतल्या मिठाचा, असे त्यांनी दाखवले. मीठ तेलात विरघळत नाही. तेव्हा तेलाची चिंदी कितीही ओढा, मीठ तेलाखाली सुखाने बसून राहते. त्यावर औषध साधे पाणी! जुन्या पलटणीत नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतीत, ते याचसाठी. पाणी उकळते असावे, म्हणजे नळी तापते आणि आपोआप वाळते. मग कोरड्या चिंद्या, आणि त्यानंतर तेल. हा क्रम उलटा करू नका.

आता बहुतेक नव्या काडतुसांच्या टोपीत क्लोरेट नसते. पण जुना साठा असेल, किंवा काडतूस कुठले ते नीट ठाऊक नसेल, तर पाणी ओतावे. पाण्याला पैसे पडत नाहीत.

ठासणीच्या बंदुकीची गोष्ट याच्या जवळची. तिची काळी दारू जळली की निम्म्याहून अधिक भाग धूर न होता घन राखेच्या रूपाने मागे राहतो, आणि ती राखही ओल धरते. रानडुकरांसाठी रात्री बार काढला आणि बंदूक तशीच खुंटीला टांगली, असे करू नये. गरम पाण्यानेच ती धुवावी, त्याच रात्री.

काजळीचे तसे फार अवघड नाही. काडतूस बसते त्या घराच्या पुढच्या तोंडाशी ती जास्त धरते. तेलात किंवा चांगल्या द्रावणात भिजवलेली चिंदी फिरवावी, थोडा वेळ मुरू द्यावी, मग ब्रश चालवावा. तव्यावरचे किटण जसे भिजवल्यावर सुटते, तसेच हे.

तांबे मात्र हट्टी. नळी उजेडाकडे धरून पाहिलीत, तर पिळाच्या उंचवट्यांवर लालसर सोनेरी रेघा दिसतात. त्या तेलाला दाद देत नाहीत, ब्रशालाही फारशी देत नाहीत. त्यांना लागतो अमोनिया. इथे शिक्षकमंडळींसाठी एक प्रयोग सांगतो. कल्हईवाला वापरतो तो नवसागर चिमूटभर घ्या, त्यात ओला चुना मिसळा. नाकाला झोंबणारा वास येईल, तो अमोनियाचा. मग प्रयोगशाळेतल्या अमोनियाच्या पाण्यात तांब्याच्या तारेचे तुकडे टाका, बाटली अर्धी रिकामी ठेवा आणि अधूनमधून हलवा. पाणी हळूहळू सुंदर निळे होईल. दुसरी बाटली काठोकाठ भरून बूच लावून ठेवा. तिच्यात रंग फारसा चढणार नाही, कारण तांबे विरघळायला हवेतला प्राणवायूही लागतो. खिडक्या उघड्या ठेवा, आणि अमोनियाजवळ ब्लीचिंग पावडर मुळीच आणू नका. त्या दोहोंतून विषारी वायू निघतो.

नळीतही हेच घडते. अमोनियाच्या द्रावणाची चिंदी निळी होऊन बाहेर आली, की तांबे सुटते आहे असे समजावे. पण गंमत अशी, की ब्रश किंवा गजाचे टोक पितळेचे असेल, तर द्रावण त्यालाच खाते आणि चिंदी निळीच येत राहते! नळी कधीच स्वच्छ झालेली, आणि आपण घासतोच आहोत. म्हणून या कामाला नायलॉनचा ब्रश बरा. द्रावण नळीत वाळू देऊ नये, पोलादाला खड्डे पडतात. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नये, आणि शेवटी पुसून तेल द्यावे.

काजळी आणि तांबे यांचे थर एकावर एक बसतात, पुरणपोळीच्या पदरांसारखे. वर काजळी असताना अमोनिया घातला, तर तो तांब्यापर्यंत पोचतच नाही. आधी काजळी काढा, मग तांबे, मग पुन्हा काजळी पाहा. आणि तांब्याची शेवटची रेघ निघेपर्यंत हट्ट धरू नका. नेम पूर्वीसारखा लागतो आहे ना? मग थोडे तांबे राहिले तर बिघडत नाही. माझ्या मते गोळ्यांनी झिजलेल्या नळ्यांपेक्षा वेड्यावाकड्या घासण्याने झिजलेल्या नळ्या कमी नसतील.

छात्रसेनेच्या पॉइंट टू-टू रायफलीला तर याहूनही जपावे. तिची गोळी सहसा उघड्या शिशाची असते, तिला तांब्याचे कवच नसते. तिथे अमोनियाचा काही उपयोग नाही.

घासण्याचीही रीत आहे. पहिले काम, काडतूस काढले आहे याची खात्री. बोल्ट काढा, डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा. मुलांच्या हाती रायफल देण्यापूर्वी हे शिक्षकांनी स्वतः करावे. चिंदी बोल्टकडून आत घालावी आणि तोंडाकडून ओढावी, एका दमात आणि सरळ. दोरी तिरपी ओढली, तर ती नळीच्या तोंडाला काचते, आणि तोंड झिजले की नेम गेलाच. थ्री-नॉट-थ्रीच्या दोरीला तीन फासे असतात. पहिला तारेच्या जाळीसाठी, दुसरा चिंदीसाठी, आणि तिसरा, चिंदी अडकली तर मागे ओढून काढण्यासाठी. जाडजूड चिंदी कोंबणाऱ्याला तो तिसरा फासा आठवतो! अडकलेल्या चिंदीवर कोणी गोळी झाडली, तर नळी फुटते आणि जवळचा माणूस जायबंदी होतो. पुन्हा गोळीबाराला जाण्यापूर्वी एक कोरडी चिंदी ओढून तेल पुसून घ्यावे, आणि बोल्ट बसवण्याआधी नळीतून आरपार उजेड दिसतो की नाही ते पाहावे.