स्वागताध्यक्षांचे भाषण

आदरणीय संमेलनाध्यक्ष, त्रिनिदादहून आलेले पाहुणे आणि रसिकहो,

कृष्णाकाठच्या सांगलीत आपलं स्वागत. मी हळदीचा अडत्या. मला इथे उभं केलंय ते वर्गणी गोळा करता येते एवढ्याच भांडवलावर. पण नाटकावर बोलायला सांगलीकराला परवाना लागत नाही.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी याच गावात सांगलीचे राजे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्यासमोर विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. मराठी नाटकाचा पाळणा रामकथेनं हलला, हे पाहुण्यांनी टिपून घ्यावं. कर्नाटकातल्या भागवतांचे खेळ पाहून अप्पासाहेबांना वाटलं, हे आपल्या भाषेत व्हावं. भाव्यांनी सूत्रधार गाता ठेवला, विदूषक आणला, राक्षसांचा ‘अललडुर्र’ धिंगाणा घातला. हा माणूस लाकडी बाहुल्याही घडवायचा! आज शाळेतल्या पोराला विचारा, भावे नाट्यमंदिराचा पत्ता सांगेल. बाहुल्यांचं नाव काढणार नाही. १८५१ मध्ये अप्पासाहेब गेले, आधार तुटला. भावे मंडळी घेऊन गावोगाव फिरले, १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. आमचा राम तिकिटावर गेला.

आता संमेलनाचा विषय, त्रिनिदादची रामलीला. ‘सीतास्वयंवरा’नंतर दीड-पावणेदोन वर्षांनी, ३० मे १८४५ ला ‘फतेल रझाक’ हे जहाज गिरमिटियांना, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांना, घेऊन त्रिनिदादला लागलं. पुढे ऊसमळ्यांतल्या या माणसांनी मोकळ्या मैदानात रामलीला मांडली. रामचरितमानस वाचणारा वाचतो, गावचीच पोरं उपास धरून राम-लक्ष्मण होतात, शेवटी रावण जळतो. फेलिसिटी गावातल्या अशा लीलेपासूनच कवी डेरेक वॉलकॉट यांनी १९९२ चं नोबेल व्याख्यान सुरू केलं. आमच्याकडे राजा गेला आणि नाटक रस्त्यावर आलं. तुमच्याकडे राजा नव्हताच, त्यामुळे कुणाच्या जाण्यानं काही अडलं नाही. चूकभूल अभ्यासकांनी सांभाळावी.

आता माफीचं. लीला मैदानात व्हायची होती, पण अवकाळीच्या भीतीनं सभागृहात घेतोय. उघड्यावरच्या परंपरेला छप्पर घातल्याचं पाप माझ्या माथी. गरम पाणी सकाळी आठपर्यंतच मिळेल. भडंग मात्र दिवसभर. देणगीदार अडतबंधूंचे, मंडपवाल्यांचे, चहा फुकट देणाऱ्या हॉटेलमालकांचे आणि नाव छापू नका म्हणणाऱ्या त्या आजींचे आभार मानतो. कुणाचं नाव राहिलं असेल तर मला घरी येऊन बोला, इथे नको.

रावणाचा पुतळा माझ्या गोदामात आहे. दहा तोंडं दारातून जाईनात, म्हणून पाच काढून हळदीच्या पोत्यांवर ठेवलीत. उद्या ऊन पडलं तर जोडून मैदानात नेऊ. हात लावायला चार माणसं लागतील, इच्छुकांनी जेवणानंतर थांबावं.